इन्सुलेशन झाकलं गेलं, फोटोंत ठिकाणाची नोंद नाही: परत आलेला सवलतीचा दावा कसा सावरायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, हे कळेल. तुम्ही छपराखालच्या पोकळीत इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घालून घेतलं, घर तापवणारा जुना बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र) बसवला आणि चार खिडक्या बदलल्या. अशा ऊर्जा वाचवणाऱ्या कामांना योजनेतून मिळणाऱ्या सवलतीसाठी दावा केला आणि कंत्राटदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेले तेवीस फोटो त्याला जोडले. ‘फोटोंमध्ये स्थान-नोंद आढळत नाही’, म्हणजे फोटो कुठे काढला याची नोंद नाही, असा शेरा मारून दावा परत आला. आता तुम्ही विचारताय, की याच फोटोंवर नंतर अक्षांश-रेखांश टाकता येतील का, आणि त्यासाठी कोणतं ॲप चांगलं.

टाकता येतात. पण टाकू नका. का, ते पुढे सांगते. त्याआधी आजच एक काम करा: दावा परत आल्याचं पत्र उघडून त्रुटी दुरुस्त करायची मुदत किती आहे ते पाहा. ती जवळ आली असेल, तर ‘मूळ फोटो मिळवतोय, मुदत वाढवून द्यावी’ असं दोन ओळींचं लेखी उत्तर आधी पाठवा. बाकीचं सगळं त्यानंतर शांतपणे करता येईल. मुदत टळल्यामुळे बुडालेले दावे मी जितके पाहिलेत, तितके फोटो वाईट असल्यामुळे बुडालेले पाहिलेले नाहीत.

मी बरीच वर्षं घरांची ऊर्जा-तपासणी करते. सुरुवातीला घरमालकांच्या फाइल तयार करून द्यायचे, नंतर काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून असेच दावे तपासले. त्या दुसऱ्या खुर्चीत बसल्यावर मला जे कळलं, ते आधी कळलं असतं तर कितीतरी लोकांच्या चकरा वाचल्या असत्या. तपासणाऱ्याने तुमचं घर पाहिलेलं नसतं आणि बहुतेक वेळा तो ते कधीच पाहणार नसतो. त्याच्यासमोर असते फक्त फाइल. त्या फाइलला तो चार गोष्टी विचारतो: हे कोणतं घर? काम कधी झालं? आधी काय होतं आणि आता काय आहे? बिलावर लिहिलेली वस्तू हीच का? स्थान-नोंद यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, तेही अर्धंच. त्यामुळे नुसते अक्षांश-रेखांश चिकटवून तुमचा दावा सुटेल असं मला वाटत नाही. उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये नसतील, तर पुढचा शेरा त्यावर येईल.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. यातलं बरंच तुमच्या योजनेच्या नियमांवर ठरतं. काही योजनांना काम सुरू होण्याआधीचे फोटो लागतात, काहींना फक्त नंतरचे. कुठे फोटोवर छापलेले अक्षांश-रेखांश दिसावे लागतात, तर कुठे फाइलच्या आत दडलेली नोंद वाचली जाते. काही ठिकाणी फोटो कंत्राटदाराने योजनेच्या ठरावीक ॲपमधूनच काढायचा असतो आणि गॅलरीतला फोटो चालतच नाही. तुमच्या पत्रात ‘स्थान-नोंद आढळत नाही’ असं लिहिलंय. त्याचा अर्थ बहुधा फाइलच्या आतली नोंद असा आहे, पण तो अर्थ फोन करून पक्का करून घ्या. ‘छापील चालेल की फाइलमधली हवी?’ एवढंच विचारायचं.

या दोन नोंदींमधला फरक नीट समजून घेतला, तर गोंधळ निम्मा कमी होतो. फोन फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत त्याच फाइलमध्ये एक छोटी माहितीपट्टी लिहितो. तिला एक्झिफ म्हणतात. हे मानक जपानमध्ये १९९५ साली तयार झालं आणि आज जवळपास प्रत्येक कॅमेरा ते पाळतो. त्यात फोनचा मेक आणि मॉडेल, फोटो काढल्याची तारीख-वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश असतात. ही पट्टी चित्रावर दिसत नाही, फाइलची माहिती उघडली की दिसते. दुसरा प्रकार स्टॅम्पचा. त्यात ॲप चित्राच्या कोपऱ्यात पत्ता, आकडे आणि वेळ अक्षरशः रंगवतं. तो माणसाला वाचायला सोपा, पण संगणकाच्या दृष्टीने तो चित्राचाच एक भाग. शिवाय कित्येक स्टॅम्प ॲपमध्ये ठिकाण हाताने बदलता येतं, आणि तपासणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून मी नेहमी साध्या कॅमेऱ्यातून, लोकेशन चालू ठेवून मूळ फोटो काढते. स्टॅम्पची मागणी असेल तर तेच दृश्य स्टॅम्पच्या ॲपमधून पुन्हा घेते. दोन्ही जपून ठेवते.

आता तुमच्या फोटोंचं काय झालं असणार ते पाहू. कंत्राटदाराच्या फोनवर लोकेशन बंद होतं असं गृहीत धरू नका. व्हॉट्सॲपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं आणि त्या भरात एक्झिफमधली माहिती गळते. म्हणजे त्याच्या फोनमधल्या मूळ फाइलमध्ये ठिकाण अजून असेल, तुमच्यापर्यंत आलेल्या नकलेत मात्र नाही, अशी दाट शक्यता आहे. तीच फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते. तेव्हा त्याला आजच निरोप पाठवा: मूळ फोटो डिलीट करू नका, एडिट करू नका, डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकवरून पाठवा. हा निरोप आजच गेला पाहिजे, कारण फोनची जागा भरली की कंत्राटदार सगळ्यात आधी जुन्या कामांचे फोटो उडवतात.

नोंद गळण्याच्या जागा आणखीही आहेत आणि माझ्या मते या सगळ्या विषयात लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. स्क्रीनशॉट काढला की कॅमेऱ्याची नोंद गेली, कारण स्क्रीनशॉट ही नवीच फाइल असते. आयफोनवरून फोटो शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, त्यात लोकेशन बंद असेल तर नोंद वगळूनच फोटो जातो. ईमेल करताना फोन ‘साइज लहान करू का’ असं विचारतो, तिथे मूळ आकार निवडायचा. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१९ पासून, एखाद्या ॲपला खास परवानगी नसेल तर फोन फोटो देताना त्यातलं ठिकाण झाकून देतो. हे तुमच्या सुरक्षेसाठी केलेलं आहे आणि योग्यच आहे, पण त्यामुळे मोबाइलच्या ब्राउझरमधून योजनेच्या पोर्टलवर फोटो चढवताना नोंद वाटेतच गळू शकते. तुमच्या हातात चांगली फाइल असते आणि पोर्टलवर कोरी पोहोचते. यावर माझा उपाय सोपा आहे: फोन केबलने संगणकाला जोडायचा, फाइल कॉपी करायच्या आणि संगणकावरून चढवायच्या.

आयफोनबद्दल अजून एक. २०१७ पासून बरेच आयफोन फोटो हेइक (HEIC) या फाइल-प्रकारात साठवतात. काही पोर्टल फक्त नेहमीचा जेपेग (JPG) प्रकार घेतात. मग लोक इंटरनेटवरच्या कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर फाइल बदलून घेतात आणि तिथे नोंद हरवते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडलं, तर पुढचे फोटो आपोआप जेपेगमध्ये निघतात.

मूळ फाइल हाती आल्या की चढवण्याआधी त्या स्वतः तपासा. संगणकावर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जीपीएसचे आकडे दिसतात. ते नकाशावर टाका. टाकताना एक चूक हमखास होते. अक्षांश दोन पद्धतींनी लिहितात: अंश-मिनिट-सेकंद किंवा नुसते दशांश. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. ही गल्लत झाली की नकाशावरची टाचणी तब्बल वीसबावीस किलोमीटर सरकते आणि माणूस उगाच घाबरतो. आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगते: अक्षांशातला एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. दशांशात चौथ्या स्थानातला एक म्हणजे सुमारे ११ मीटर, पाचव्या स्थानातला एक म्हणजे साधारण एक मीटर. फॉर्ममध्ये हाताने आकडे भरायचे असतील तर पाच स्थानं पुरतात. दोनच स्थानं लिहिलीत तर अख्खा मोहल्ला त्यात बसतो.

टाचणी बरोबर तुमच्या छपरावर पडली नाही तर घाबरू नका. उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत ठिकाण सांगतो. घराच्या आत गोष्ट वेगळी. तिथे उपग्रहांचा क्षीण संदेश पोहोचत नाही, मग फोन आसपासच्या वायफायवरून किंवा मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि टॉवरचा अंदाज शेकडो मीटर चुकू शकतो. तळघर, पत्र्याचं छप्पर आणि फॉइल लावलेलं इन्सुलेशन ही तर जीपीएसची शत्रूस्थानं. दुर्दैवाने ऊर्जेची निम्मी कामं तिथेच चालतात.

माझ्या एका फाइलमध्ये वॉटर हीटरचा फोटो घरापासून बऱ्याच अंतरावरच्या एका दुकानाबाहेर नोंदला गेला होता. कंत्राटदार सामान घ्यायला तिथे थांबला होता. मग गाडी लावून तो थेट तळघरात उतरला आणि फोनने शेवटचं माहीत असलेलं ठिकाणच चिकटवलं. काम खरं होतं, माणूस प्रामाणिक होता, तरी दावा संशयित ठरला. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. घराबाहेर उघड्यावर उभं राहायचं, फोनमध्ये नकाशा उघडायचा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ आकसेपर्यंत थांबायचं. नेटवर्क नसेल तर अर्धा-एक मिनिट द्यावंच लागतं, कारण प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या फेऱ्यात पाठवतो आणि ती पूर्ण ऐकल्याशिवाय फोनला हिशोब जमत नाही. मग घराचा दर्शनी फोटो काढायचा, ज्यात दारावरचा क्रमांक वाचता येईल. तिथून आत जायचं आणि न थांबता पुढचे फोटो घ्यायचे. आतल्या फोटोची नोंद थोडी भरकटली तरी दोन मिनिटं आधीचा, त्याच फोनचा दर्शनी फोटो तिला आधार देतो. तपासणारा फोटो एकेक करून पाहत नाही, तो त्यांची साखळी पाहतो.

फोनची सेटिंगही एकदा बघून घ्या. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी आहे का, एवढं पाहून भागत नाही. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय आले आहेत. ‘अंदाजे’ निवडलेलं असेल तर नोंद असते, पण ती परिसराची असते, घराची नसते.

तुम्ही बहुमजली इमारतीत राहत असाल तर अजून एक अडचण. वरच्या आणि खालच्या घराचे अक्षांश-रेखांश एकच असतात. उंचीचा आकडा फाइलमध्ये असतो, पण जीपीएसची उंची आडव्या ठिकाणापेक्षा जास्त चुकते, त्यावरून मजला सिद्ध होत नाही. अशा वेळी दारावरची पाटी आणि वीज-मीटरचा क्रमांक यांचे फोटो त्याच साखळीत घ्या. मीटरचा क्रमांक बिलाशी जुळतो, त्यामुळे तो मला पत्त्याच्या पाटीपेक्षाही भरवशाचा वाटतो.

वेळेबद्दल फार काळजी नको. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून लागतं, ते सहसा बरोबर असतं. वेगळा कॅमेरा वापरला असेल तर मात्र त्याची तारीख तपासा, बॅटरी पूर्ण उतरली की ती मूळपदावर जाते आणि फोटो कित्येक वर्षं आधीचा दिसतो. फाइलमध्ये दोन वेगवेगळ्या वेळा नोंदलेल्या दिसल्या आणि त्यांत ठरावीक तासांचा फरक असला, तर त्यात काही चूक नाही. एक स्थानिक वेळ असते आणि दुसरी जीपीएसने दिलेली जागतिक वेळ.

आता मूळ प्रश्नाकडे येते: नंतर आकडे का टाकू नयेत. तांत्रिकदृष्ट्या ते मिनिटाभराचं काम आहे. पण तसं केल्यावर फाइलमध्ये बदल केल्याची तारीख, बदल करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव अशा खुणा राहू शकतात. तेवीसच्या तेवीस फोटोंना शेवटच्या अंकापर्यंत एकच ठिकाण असेल तर तेही खटकतं, कारण खऱ्या फोटोंचे आकडे एका खोलीतसुद्धा थोडे थोडे हलतात. आणि समजा कुणाच्या लक्षात आलं नाही, तरी तुम्ही सही करून दिलेल्या दाव्यात तयार केलेला पुरावा जोडलेला असतो. तुमचं काम खरं आहे. खऱ्या कामाच्या फाइलमध्ये एक खोटी गोष्ट घुसली की तपासणारा बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही त्याच नजरेने पाहतो, आणि प्रकरण त्रुटीवरून फसवणुकीवर जाऊ शकतं. उशिरा काढलेला, ‘हा नंतर काढला आहे’ असं स्पष्ट लिहिलेला फोटो मी तपासनीस म्हणून अनेकदा मान्य केलाय. डागडुजी केलेला फोटो एकदाही मान्य केला नाही.

इथवरचं एका दमात: मुदत सांभाळा, कंत्राटदाराकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, नकाशावर तपासा, संगणकावरून चढवा. मूळ फाइल मिळाल्या नाहीत, तर पुढचं वाचा.

जे आज दिसतंय त्याचे फोटो आज काढता येतात. हीट पंपापासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात सोपा. बाहेरच्या युनिटला धातूची नेमप्लेट असते. तिच्यावर मॉडेल, सीरियल नंबर, रेफ्रिजरंटचा (उष्णता वाहून नेणाऱ्या आतल्या वायूचा) प्रकार आणि वजन लिहिलेलं असतं. आतल्या युनिटची नेमप्लेट वेगळी. दोन्ही लागतात, कारण कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र बहुधा जोडीला दिलेलं असतं, एकट्या युनिटला नाही. फ्लॅश समोरून मारला तर अक्षरांच्या जागी पांढरा डाग येतो. किंचित तिरपं उभं राहा आणि टॉर्च बाजूने धरा. एका वस्तूचे तीन फोटो घ्या: लांबून, जिथे भिंत आणि युनिट दोन्ही दिसतील, मधल्या अंतरावरून, अख्खं युनिट, आणि जवळून, नेमप्लेट. नुसत्या नेमप्लेटचा फोटो गोदामातही काढता येतो, म्हणून लांबचा फोटो गाळू नका.

नंतर सीरियल नंबर बिलाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. शून्य की ओ, आठ की बी, हे नीट बघा. एका घरात बाहेरचं युनिट पोचलं तेव्हाच चेपलेलं होतं, म्हणून दुसरं पाठवलं गेलं. बिलावर मात्र पहिल्याचाच नंबर राहिला. फोटो, ठिकाण, तारीख सगळं निर्दोष असूनही तो दावा दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा घरमालकाला वाटलं की फोटोत काहीतरी खोट आहे. बिल दुरुस्त करून घेतल्यावर लगेच सुटला. जुना बॉयलर गेला असेल तर त्याचा फोटो आता मिळणार नाही, पण तो उचलून नेणाऱ्याची पावती, जुन्या देखभालीची बिलं किंवा घर घेतानाच्या पाहणीचा अहवाल यांत त्याचा मेक-मॉडेल सापडू शकतो. कुटुंबाचे जुने फोटोही चाळा. मागे बॉयलर उभा असलेला वाढदिवसाचा फोटो मी एका दाव्यात खरोखर जोडलाय, आणि तो चालला.

खिडक्यांच्या काचांवर उष्णता किती जाते, ऊन किती आत येतं याचे आकडे दिलेलं लेबल असतं. साफसफाईच्या दिवशी ते निघून कचऱ्यात जातं. गेलं असेल तर दोन काचांच्या मधली पट्टी पाहा, तिच्यावर बरेचदा उत्पादकाचं नाव आणि बनवल्याची तारीख बारीक छापलेली असते. तीही नसली तर उत्पादकाकडून ऑर्डर क्रमांकावर आकड्यांचं पत्र मागवता येतं. प्रत्येक खिडकीचा फोटो आतून एक, बाहेरून एक. बाहेरच्यात घराचा ओळखू येईल असा भाग यायला हवा.

इन्सुलेशन हे यातलं खरं अवघड प्रकरण. ते झाकलं जातं आणि झाकलं की दिसत नाही. तुमच्या बाबतीत सुदैव असं, की ते छपराखाली आहे आणि वर चढायला झडप असेल. भिंतीत असतं तर विजेच्या खोक्याची झाकणं उघडून डोकवावं लागलं असतं, तेही वीज बंद करून आणि इलेक्ट्रिशियनच्या हातून. एका घरमालकाकडे रंगवलेल्या कोऱ्या भिंतींचेच फोटो होते. शेवटी कपाटाच्या आतल्या बाजूला भिंतीला मुठीएवढं भोक पाडून आत काय आहे ते दाखवावं लागलं. प्लास्टरवाल्याला अर्धा दिवस थांबवून चार फोटो काढले असते, तर ही वेळ आली नसती. म्हणून पुढे कधी काम काढलंत, तर ‘झाकण्याआधी फोटो’ ही अट कंत्राटदाराच्या करारातच लिहून घ्या आणि ती शेवटच्या हप्त्याला बांधा.

पोकळीत जायचं तर आधी सुरक्षितता. तुळयांवरच पाय ठेवायचा, मधल्या छतावर नाही. मास्क लावा. कडक उन्हात चढू नका. जुन्या घरात आधीच्या इन्सुलेशनमध्ये ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतूंचं खनिज) असण्याची शंका असेल तर अजिबात हात लावू नका, तपासणी करून घ्या. वर गेल्यावर इन्सुलेशनमध्ये मोजपट्टी उभी खोचून तळापर्यंत न्या आणि आकडा वाचता येईल असा फोटो घ्या. एकाच जागी नको, चार कोपरे आणि मध्यभाग. फवारून भरलेलं सुटं इन्सुलेशन कालांतराने बसतं, त्यामुळे आजची जाडी बिलातल्या जाडीपेक्षा थोडी कमी भरली तर तसं नमूद करा. पाइप आणि वायरींच्या भोकांभोवती फोम किंवा सीलंट भरला असेल, तर दोन-तीन ठिकाणी इन्सुलेशन हळूच बाजूला सारून तोही दाखवा, कारण फटी बुजवण्याचं काम वेगळ्या सवलतीत मोडत असेल तर त्याचा पुरावा नेमका त्या थराखाली असतो.

नवख्यांना माहीत नसलेला एक पुरावा म्हणजे रिकाम्या पिशव्या. सुटं इन्सुलेशन पिशव्यांतून येतं आणि पिशवीवर तक्ता छापलेला असतो: अमुक क्षेत्रफळाला, अमुक आर-व्हॅल्यूसाठी (म्हणजे थर उष्णता किती अडवतो त्या आकड्यासाठी) किती पिशव्या. वापरलेल्या पिशव्यांची संख्या आणि छताचं क्षेत्रफळ यांवरून हिशोब पडताळता येतो. कंत्राटदाराकडे पिशव्यांची नोंद किंवा डिलिव्हरी चलन असेलच, ते मागा. आर-व्हॅल्यू लिहिताना एकक पाहा. काही देशांत मेट्रिक आकडा वापरतात, काहींत जुन्या फूट-पौंडाच्या पद्धतीचा, आणि दोन्हींत सुमारे ५.७ पटींचा फरक आहे. जुन्या पद्धतीतले ३० म्हणजे मेट्रिकमधले साधारण ५.३. पिशवीवर एक आणि फॉर्मवर दुसरा आकडा पाहून तपासणारा अडखळतो.

घराच्या गळतीची चाचणी झाली असेल, म्हणजे दारात पंखा बसवून आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) कमी करून हवा किती आत शिरते ते मोजलं असेल, तर उपकरणाच्या पडद्याचा कामाआधीचा आणि नंतरचा फोटो शोधा. पडद्यावर दाब आणि हवेचा प्रवाह दोन्ही आकडे दिसले पाहिजेत. नुसता प्रवाह असेल तर त्या फोटोवरून काहीच ठरवता येत नाही. चाचणी झालीच नसेल, तर थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे तापमानातला फरक रंगांत दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने, इन्सुलेशनमधल्या रिकाम्या जागा दाखवता येतात, मात्र घराच्या आत-बाहेर निदान १० अंश सेल्सिअसचा फरक असायला हवा. समशीतोष्ण दिवसात काढलेल्या रंगीत चित्रांना मी फारसं महत्त्व देत नाही, तुम्हीही त्यावर पैसे घालवू नका.

नवे फोटो काढून झाले की एक साधं पत्र जोडा. त्यात लिहा: कामाच्या वेळचे फोटो कंत्राटदाराने काढले होते, संदेश ॲपवरून पाठवताना त्यांतली स्थान-नोंद गळली, मूळ फाइल अमुक तारखेला मागितल्या, त्यातल्या इतक्या मिळाल्या, इतक्या मिळाल्या नाहीत. सोबतचे फोटो अमुक तारखेला माझ्या फोनने काढले आहेत. जुने फोटो त्यांच्यातल्या उणिवेसह जोडत आहे. मग प्रत्येक नव्या फोटोसमोर जुना ठेवा, म्हणजे तीच पाइप, तीच तुळई, तोच भिंतीचा कोपरा दोन्हींत ओळखू येईल. स्थान-नोंद नसलेला जुना फोटो अशा जोडीत पुन्हा उपयोगी ठरतो. ही जोडणी कंटाळवाणी आहे, पण पलीकडच्या खुर्चीत बसलेली असताना अशी फाइल समोर आली की मी ती त्याच दिवशी निकाली काढायचे.

फाइलींना नावं द्या, पण मूळ प्रती तशाच एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथे काहीही बदलू नका. कापणं, उजळवणं, बाण काढणं, सगळं नकलेवर. दावा मंजूर झाल्यावरही हे फोल्डर जपा, काही योजना मागाहून नमुना-तपासणी करतात आणि त्या वेळी कंत्राटदाराचा फोन बदललेला असतो.

आणि तुम्ही प्रश्नासोबत जो फोटो सगळ्यांना दिसेल असा जोडलाय, तो कृपया आत्ताच काढून टाका. कोपऱ्यात घराचे अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत छापलेले आहेत आणि मागे मुलांची सायकल दिसतेय. सल्ला विचारायला आकडे झाकलेली नक्कल पुरते. कंत्राटदाराकडून मूळ फाइल आल्या की त्यात काय दिसलं ते शब्दांत लिहा, मी पाहीन.